तीन मशिनं, एक चाळणी

१९८५ च्या आसपास आमच्या पालकसभेचा नूर पालटला. मुलाच्या बीजगणिताची चौकशी दोन वाक्यांत उरकून पालक आवाज खाली आणायचे आणि विचारायचे, "बाई, कॉम्प्युटर घ्यायचा म्हणतोय. कुठला घेऊ?" मी गणित आणि विज्ञान शिकवायचे. कॉम्प्युटरबद्दल मला विचारण्याचं कारण एवढंच, की केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत आमच्या शाळेला बीबीसी मायक्रो ही मशिनं मिळाली होती आणि त्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. १९८४ मध्ये देशभरातल्या सुमारे अडीचशे शाळांपासून ती योजना सुरू झाली. निवडलेल्या शिक्षकांना थोडंसं प्रशिक्षण देऊन परत पाठवलं होतं, त्यातली मी एक.

घरी मशीन घेऊ शकणारी माणसं मोजकीच. कुणाचे मामा दुबईला, कुणाची आत्या न्यू जर्सीला. नोव्हेंबर १९८४ च्या नव्या कॉम्प्युटर धोरणानंतर आयात सैल होणार, अशी हवा होती; पण आमच्याकडे मशिनं येत ती बहुतेक बॅगेतूनच. ती दोनच जातींची असत: सिंक्लेअरचं झेडएक्स स्पेक्ट्रम, नाहीतर कमोडोर ६४. शाळेतलं बीबीसी धरून तीन.

पालकांना एक आकडा हवा असे. "जास्त मेमरी कशात?" या प्रश्नाला उत्तर सोपं होतं: कमोडोरमध्ये ६४ के, स्पेक्ट्रममध्ये ४८, बीबीसी मॉडेल बीमध्ये ३२. ज्यांनी थोडं वाचलेलं असे ते वेग विचारत. तेही सोपं: स्पेक्ट्रमचा झेड८०ए साडेतीन मेगाहर्ट्झवर, बीबीसीचा ६५०२ दोनवर, कमोडोरचा ६५१० जेमतेम एकवर. म्हणजे मेमरीत कमोडोर पहिलं, वेगात स्पेक्ट्रम पहिलं, आणि सरकारने आमच्या गळ्यात मारलेलं बीबीसी कशातच पहिलं नाही. एका वडिलांनी तर मला तोंडावर सांगितलं, "तुम्हाला स्वस्तातलं दिलेलं दिसतंय." वास्तविक तिघांत महाग तेच होतं.

शाळेत तिन्ही मशिनं एका टेबलावर आणायचं मी ठरवलं ते या वाक्यामुळे. दोन मुलं आपापली मशिनं शनिवारी दुपारी घेऊन यायला तयार झाली. प्रश्न एवढाच होता, की तिघांना काम कुठलं द्यायचं.

न्यू मरीन लाइन्सच्या अमेरिकन लायब्ररीत 'बाइट' मासिकाचे जुने अंक होते. सप्टेंबर १९८१ च्या अंकात जिम गिलब्रेथ यांचा एक लेख सापडला. निरनिराळ्या भाषांचा वेग तपासायला त्यांनी एरॅटोस्थेनिसची चाळणी वापरली होती. मी खूश. ही चाळणी मी सातवीला फळ्यावर शिकवत होते. मूळ संख्या राहतात, पटीतल्या गळतात. गिलब्रेथ यांची चाळणी फक्त विषम संख्या घेते, ३ पासून १६,३८३ पर्यंत. म्हणजे ८,१९१ खुणा मेमरीत मांडायच्या, पटीतल्या पुसत जायच्या आणि उरलेल्या मोजायच्या. उत्तर १,८९९ आलं पाहिजे. उत्तर ठरलेलं असल्यामुळे कुठल्याही मशीनला थाप मारता येत नाही, हे मला शिक्षिका म्हणून फार आवडलं.

पण वेग मोजण्याआधीच आम्ही मेमरीत अडकलो, आणि त्या दुपारचा खरा धडा तिथेच झाला.

स्पेक्ट्रमच्या बेसिक भाषेत आकडा केवढाही असो, त्याला पाच बाइट लागतात. शून्याला पाच, एकालाही पाच. ८,१९१ खुणांचे झाले ४०,९५५ बाइट. ४८ के म्हणजे ४९,१५२ बाइट खरे; पण त्यातले ६,९१२ पडद्याच्या चित्रासाठी जातात, थोडे मशीनच्या स्वतःच्या नोंदींना जातात आणि बेसिकला एक्केचाळीस हजारांच्या वर थोडेसे उरतात. खुणा मांडल्यावर प्रोग्रॅमसाठी हजार बाइटही शिल्लक नाहीत. शिवाय प्रोग्रॅममध्ये लिहिलेल्या प्रत्येक आकड्यामागे स्पेक्ट्रम आणखी सहा बाइट लपवून ठेवतं. त्या मशीनचा मालक असलेला नववीतला मुलगा गप्प बसून हे वहीत मांडत होता. मग म्हणाला, "बाई, आकडे कशाला? अक्षरं ठेवू." अक्षराला एकच बाइट लागतो. आकड्यांच्या रांगेऐवजी अक्षरांची रांग केली, आणि चाळीस हजारांचं काम आठ हजारांत बसलं.

कमोडोर चालू केल्याबरोबर पडद्यावर स्वतःच सांगतं: बेसिकसाठी ३८,९११ बाइट मोकळे. बाकीची रॅम असते, पण बरीचशी बेसिक आणि यंत्रणेच्या रॉमच्या आड दडलेली. तिथे पोचायला मशीन कोड शिकावा लागतो. खोक्यावरच्या चौसष्टपैकी अडतीस हातात येतात, म्हणजे स्पेक्ट्रमच्या अट्ठेचाळीसातून मिळतात त्याहूनही कमी. साध्या आकड्यांची रांग इथे मावलीच नाही. मात्र पूर्णांकांची रांग केली तर दर आकड्याला दोनच बाइट, एकूण सोळा हजार, सहज मावली.

आणि बीबीसी? ३२ के. वरच्या दर्जाचा ग्राफिक्स मोड निवडला तर पडदा एकटाच २० के खातो. आमच्याकडे फ्लॉपी ड्राइव्ह जोडलेला होता, तोही स्वतःसाठी जागा राखतो. अशा वेळी प्रोग्रॅमसाठी उरतात ५,८८८ बाइट. मुलं हमखास रंगीत मोडमध्ये जाऊन भलं मोठं काहीतरी लिहायला घेत, आणि मग खोलीच्या कोपऱ्यातून ओरडा येई, "बाई, मेमरी भरली!" पण सातव्या मोडमध्ये गेलं, की पडद्याला एक के पुरतो आणि पंचवीस हजारांहून अधिक बाइट मोकळे होतात. पूर्णांकांची रांग इथे दर आकड्याला चार बाइट मागते, त्यामुळे तीही मावत नव्हती. पण बीबीसी बेसिकमध्ये नुसत्या बाइटांचा एक पट्टा राखून ठेवता येतो आणि प्रश्नचिन्हाच्या खुणेने त्यातला एकेक बाइट वाचता-लिहिता येतो. आठ हजार बाइटांचा पट्टा मागितला, मिळाला, काम सुरू. सगळ्यात कमी मेमरीच्या मशीनवरही चाळणी ऐसपैस बसली. सोफी विल्सन यांनी ते बेसिक लिहिताना शाळकरी पोरांना बाइटाला हात लावू द्यायचा धीटपणा दाखवला, याचं मला आजही कौतुक वाटतं. (पुढे याच बाईंनी एआरएम प्रोसेसरचा सूचनासंच आखला. आज बहुतेक मोबाइल फोनच्या पोटात त्याच घराण्याचे प्रोसेसर असतात.)

वेगाची गंमत थोडक्यात सांगते. बीबीसी पहिलं आलं, आणि बरंच आधी. कमोडोर दुसरं. साडेतीन मेगाहर्ट्झचं स्पेक्ट्रम शेवटी. तिन्ही पडद्यांवर १,८९९ उमटेपर्यंत मुलांचा डबा खाऊन झाला होता.

यामागची कारणं मी नंतर हळूहळू गोळा केली. झेड८० ला सगळ्यात लहान सूचनेलाही चार ठोके लागतात, ६५०२ चं दोनांत भागतं. त्यामुळे या दोघांचे मेगाहर्ट्झ शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. स्पेक्ट्रमच्या खालच्या १६ के रॅममधून पडद्याचं चित्रही वाचलं जातं, आणि चाळीतल्या सामायिक नळावर जसं पुढच्याची बादली भरेपर्यंत थांबावं लागतं, तसं तिथे प्रोसेसरला ताटकळावं लागतं. बीबीसीत रॅम दुप्पट वेगाची घालून प्रोसेसर आणि पडदा यांना आलटून पालटून पाळी दिलेली होती, म्हणून कुणीच कुणासाठी थांबत नसे. पण सगळ्यात मोठा फरक बेसिकचा. स्पेक्ट्रमवर लूप परत फिरताना मशीन ती ओळ प्रोग्रॅमच्या सुरुवातीपासून शोधत येतं. म्हणून फिरणारा भाग जमेल तेवढा वर लिहायचा, ही युक्ती माझ्या मुलांनी स्वतः शोधून काढली. ती चाचण्यांच्या लेखात मला कुठे दिसली नव्हती. स्टीव्हन व्हिकर्स यांना ते सगळं बेसिक १६ के रॉममध्ये कोंबायचं होतं, तेव्हा वेगाला कात्री लागली तर नवल नाही. शिवाय मशीन कोडमध्ये उतरलं की हीच क्रमवारी विस्कटते. ज्याला खेळ खेळायचे होते त्याला माझी चाळणी काहीच सांगत नव्हती, कारण खेळ बहुतेक मशीन कोडमध्येच लिहिलेले असत.

इथवरचं सगळं पालकांना मी उत्साहाने सांगायचे. ते मान डोलावायचे आणि शेवटी विचारायचे, "पण बिघडलं तर?" हा प्रश्न मी सुरुवातीला हलक्यात घेत असे. मेमरी, वेग आणि हा, अशा तीन प्रश्नांत सगळ्यात शहाणा तोच होता, हे कळायला शाळेच्या खोलीपेक्षा गिरगावातलं अण्णाचं दुकान जास्त उपयोगी पडलं.

अण्णा माझा थोरला भाऊ. त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. बॅगेतून आलेली मशिनं आधी त्याच्याकडे जायची, कारण ती टीव्हीला लागतच नसत. इंग्लंडातलं स्पेक्ट्रम टीव्हीला यूएचएफच्या ३६ व्या चॅनलवर चित्र पाठवतं. आपल्या घरांतल्या बहुतेक टीव्हींना व्हीएचएफचाच ट्यूनर. अण्णा मशीनच्या आतून मॉड्युलेटरच्या आधीच व्हिडिओची तार बाहेर काढायचा आणि व्हीएचएफचा वेगळा मॉड्युलेटर जोडायचा. ती तार थेट टीव्हीच्या आत नेऊ का, असं विचारणाऱ्या हौशी पोरांना तो हात जोडून परत पाठवी. बऱ्याच सेटांच्या चासीत घरातली वीज थेट खेळत असते, तिथे चुकीचा स्पर्श म्हणजे खेळ खलास.

अमेरिकेतून आलेल्या कमोडोरची तऱ्हा निराळी. त्याचा वीजपुरवठा ११० व्होल्टचा. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात खुपसणारे महाभाग निघालेच. ट्रान्सफॉर्मर लावून मशीन जगलं, तरी चित्र एनटीएससी पद्धतीचं, सेकंदाला साठ फील्डचं. रंगीत टीव्हीवर ते धड दिसत नसे. जुन्या कृष्णधवल टीव्हीवर मात्र मागचं व्हर्टिकल होल्डचं बटण हळूच फिरवलं, की खाली घसरणारं चित्र जागच्या जागी उभं राही. रंग गेले, पण अक्षरं वाचता आली. म्हणून अण्णा अशा गिऱ्हाइकांना सांगायचा, जुना सेट भंगारात देऊ नका.

स्पेक्ट्रमच्या दुरुस्तीचं एक नेहमीचं कारण आपल्या बाजारातलं बॅटरी एलिमिनेटर. स्पेक्ट्रमच्या नऊ व्होल्टच्या पिनेत मधला भाग ऋण असतो, बाजारातल्या बऱ्याच एलिमिनेटरमध्ये धन. मूळ अडॅप्टर हरवला, कोपऱ्यावरून दुसरा आणला, लावला, संपलं. आतला एक छोटा ट्रान्झिस्टर जळतो, त्याच्यावर अवलंबून असलेले व्होल्टेज बिघडतात, आणि खालच्या १६ केच्या ४११६ चिपना पाच, बारा आणि उणे पाच असे तीन व्होल्टेज एकदम लागत असल्यामुळे त्यातल्याही काही जातात. अण्णा तो ट्रान्झिस्टर आणि चिपा लॅमिंग्टन रोडवरून आणायचा.

वरच्या ३२ केत बिघाड असेल, तर मशीन तक्रार करत नाही. चालू होताना ते आपली मेमरी तपासतं, खराब जागा आली की तिथेच थांबतं आणि उरलेल्यावर संसार करतं. मुलगा म्हणतो, "कालपर्यंत चालणारा खेळ आज चढत नाही." अशा वेळी २३७३२ आणि २३७३३ या दोन पत्त्यांवरचे बाइट वाचायचे, दुसऱ्याला २५६ ने गुणून पहिल्यात मिळवायचे. ६५५३५ आलं तर मेमरी पूर्ण, ३२७६७ आलं तर १६ केचंच मशीन उरलेलं आहे. हे मी अण्णाला सांगितलं तेव्हा त्याने दुकानाच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं. आणि त्याने मला सांगितलं ते असं, की त्या वरच्या ३२ केसाठी बसवलेल्या चिपा मुळात ६४ किलोबिटच्या असतात, कारखान्यात अर्धी बाजू सदोष निघाल्यामुळे चांगल्या अर्ध्यासाठी स्वस्तात विकलेल्या. कुठला अर्धा चांगला, ते बोर्डावरच्या एका तारेने ठरतं. सिंक्लेअरची ही काटकसर अण्णाला इतकी आवडली, की गिऱ्हाइकांना तो ती गोष्ट बिल देण्याच्या आधी ऐकवायचा.

अण्णाला हे कुठून कळलं? कंपनीकडून नाही. सिंक्लेअरसाठी थॉर्न ईएमआय डेटाटेकने १९८४ मध्ये केलेल्या सर्व्हिस मॅन्युअलची कुणाकडून तरी आलेली झेरॉक्स त्याच्याकडे होती. तिची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स, शेवटी काही रेघा अंदाजानेच वाचायच्या. माझ्याकडे लोगन आणि ओहारा यांचं, स्पेक्ट्रमच्या रॉममधली प्रत्येक सूचना उलगडून सांगणारं पुस्तक होतं. कमोडोरच्या प्रोग्रॅमर्स रेफरन्स गाइडला तर सर्किटचा नकाशाच जोडलेला. कंपन्यांची स्थिती तेव्हा पाहण्यासारखी होती. १९८५ मध्ये बीबीसी मायक्रो बनवणारी ॲकॉर्न ऑलिवेत्तीच्या ताब्यात गेली, एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअरने आपला कॉम्प्युटर व्यवसाय ५० लाख पौंडांना ॲमस्ट्रॅडला विकला, आणि पुढे कमोडोरही १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली. दुबईहून आलेल्या मशीनची हमी यांपैकी कुणाकडे मागायला जाणार होतो आपण? मधल्या काळात डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन भारतात डीबी स्पेक्ट्रम प्लस काढला, तेव्हा कुठे इथल्या दुकानदाराला विचारायची सोय झाली.

याउलट शाळेतल्या बीबीसीला रीतसर सेवा होती. पुरवठादार, करार, पावतीपुस्तक, सगळं. एका पावसाळ्यात खिडकीतून झड आत आली आणि एक मशीन ओलावलं. वाळल्यावर चालू केलं तर एकच सूर लागे, तो थांबतच नसे, पडदा कोरा. ॲडव्हान्स्ड युजर गाइडमध्ये या मशीनच्या सर्किटचा नकाशा आहे. तो मी अण्णाला दाखवला. त्याने पाहून सांगितलं, कीबोर्ड आणि आवाज दोन्ही सांभाळणारी तिसऱ्या क्रमांकाची चिप सॉकेटमध्ये आहे, तिचे पाय गंजले असतील, काढून पुसून परत दाब. पाच मिनिटांचं काम. पण झाकणाच्या फटीवर सील होतं. सील तोडलं तर करार रद्द. आम्ही पत्र लिहिलं, मग स्मरणपत्र, मग मुख्याध्यापकांच्या सहीचं स्मरणपत्र. दिवाळीची सुट्टी आली नि गेली. शेवटी माणूस आला, झाकण उघडलं, चिप काढली, पुसली, दाबली. सूर थांबला. चहा घेऊन, सही घेऊन, नवं सील लावून तो गेला.

त्याच काळात नववीतल्या त्या मुलाचं स्पेक्ट्रम एलिमिनेटरपायी मेलं होतं, आणि त्याच आठवड्यात अण्णाच्या दुकानातून जिवंत होऊन परतलंही होतं.

यानंतर पालकांना माझं उत्तर बदललं. मशीन म्हणून बीबीसी सरस, यात मला कधीच शंका नव्हती. तरी घरासाठी मी स्पेक्ट्रम सांगू लागले. आधी बघा, म्हणायचे, तुमच्या इमारतीत, तुमच्या ओळखीत काय आहे. ज्याच्या कॅसेट शेजारी मिळतात, ज्याचं पुस्तक कुणाकडे आहे, जे उघडायला कुणी मनाई करत नाही, ते घ्या. माझ्या सहकारी बाईंना हे पटत नसे. त्यांचं म्हणणं, अशाने पोरं गचाळ बेसिक शिकतील आणि ओळींच्या क्रमांकांवर उड्या मारत बसतील. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बीबीसीवर शिकलेल्या मुलाचा प्रोग्रॅम वाचायला सोपा असे, स्पेक्ट्रमवाल्याचा कागद पेन्सिल घेऊन सोडवावा लागे. पण स्पेक्ट्रमवाला मुलगा रोज रात्री मशीनपाशी बसत होता; बीबीसीवाल्याला आठवड्यातून एक तास मिळत होता, तोही दुसऱ्या दोघांबरोबर वाटून.

नव्वदीच्या सुरुवातीला शाळेने पीसी घ्यायचे ठरवले. पुरवठादाराचा माणूस माहितीपत्रक घेऊन आला. ६४० के मेमरी, असं ठळक छापलं होतं. मी त्याच्यासमोरच जीडब्ल्यू-बेसिक सुरू केलं. पडद्यावर आलं, ६०,३०० बाइट मोकळे. तो म्हणाला, बाई, ते बेसिकचं दुखणं आहे, मशीनचं नाही. खरं होतं ते. चाळणी मावली, पळाली, १,८९९ आले, आणि बीबीसीपेक्षा लवकर आले. मेमरी आणि वेग या दोन कलमांवर मला बोलायला काही उरलं नाही.

दुरुस्तीच्या तिसऱ्या कलमावर मात्र मी मुख्याध्यापकांकडून करारात एक ओळ घालून घेतली: शाळेला झाकण उघडण्याची, सॉकेटमधल्या चिपा काढून साफ करण्याची मुभा राहील, आणि त्याने सेवा रद्द होणार नाही. पुरवठादाराने ती ओळ खोडून करार परत पाठवला. मुख्याध्यापकांनी ती पुन्हा लिहिली, खाली शाळेचा शिक्का मारला आणि माझ्याच हाती देऊन म्हणाले, "पोस्टाने नको, तुम्ही स्वतः जा. आणि येताना सर्किटचा नकाशा घेऊन या."